हॉकीचा आशिया कप जिंकला, संघ तोच! या शांत महिन्यांत काय करायला हवं?

मधली_फळी

राजगीरला ७ सप्टेंबर २०२५ला कोरियाला ४-१ हरवून आपण आशिया कप जिंकला आणि ऑगस्ट २०२६च्या विश्वचषकाचं तिकीट खिशात टाकलं. त्यानंतर सगळं कसं शांत शांत. ना नवीन चेहरा, ना संघातून कोणाची गच्छंती. नोव्हेंबरात मलेशियात इपोहला अझलन शाह स्पर्धा, जानेवारीत हॉकी इंडिया लीग, मधे बंगळूरचं शिबिर. बस्स.

पॅरिस ऑलिम्पिकच्या १६ जणांपैकी १२ जण राजगीरच्या संघात होते. गोलरक्षक श्रीजेश निवृत्त, ललितही जून २०२५मध्ये निवृत्त, शमशेर आणि गुरजंत बाहेर. बाकी सगळे तेच. स्थैर्य चांगलंच, पण २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला मनप्रीत ३६ वर्षांचा असेल, रोहिदास ३५ आणि हरमनप्रीत ३२.

माझा मुद्दा थेट मांडतो. आपला संघ पुन्हा एकदा एकाच ड्रॅगफ्लिकरच्या (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात फेकणाऱ्याच्या), म्हणजे हरमनप्रीतच्या, मनगटावर उभा आहे. याआधी दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा आपण तोंडावर आपटलो. म्हणून या शांत काळात दुसरी पेनल्टी कॉर्नर बॅटरी (पेनल्टी कॉर्नर घेणाऱ्यांची जोडणी) आणि पक्का गोलरक्षक, ही दोनच कामं व्हावीत. बाकी सगळं नंतर. तुम्हाला काय वाटतं? जुन्या खेळाडूंचे दाखले दिलेत तर उत्तमच.

---

उजवा_आऊट

अजिबात पटलं नाही. राजगीरच्या अंतिम सामन्यातले चार गोल आठवा. सुखजीतने पहिल्याच मिनिटात केला, दिलप्रीतने दोन, रोहिदासने एक. हरमनप्रीतचा एकही नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू अभिषेक, म्हणजे आघाडीचाच. एका मनगटावर संघ उभा आहे हे चित्र आता जुनं झालं.

---

मधली_फळी

@उजवा_आऊट, आशियात ठीक आहे हो. पण त्याच स्पर्धेत चीनविरुद्धचा पहिला सामना ४-३ सुटला, त्यात हरमनप्रीतची हॅटट्रिक होती. ती काढून टाका आणि निकाल बघा. पॅरिसला त्याचे एकट्याचे १० गोल होते, कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही त्याचेच.

---

क्वालालंपूर७५

धागाकर्त्याने "दोनदा झालं" असं लिहिलंय, ते नवीन वाचकांसाठी नीट मांडतो.

पहिली वेळ २००३. जुगराज सिंग तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. ड्रॅगफ्लिक दमदार आणि पेनल्टी कॉर्नर अडवायला धावणारा पहिला माणूसही तोच. सप्टेंबर २००३मध्ये मोटार अपघात झाला आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. एका माणसाबरोबर आपलं पेनल्टी कॉर्नरचं आक्रमण आणि बचाव दोन्ही गेलं. त्याच महिन्यात क्वालालंपूरला धनराजच्या नेतृत्वाखाली आपण पाकिस्तानला ४-२ हरवून आशिया कप जिंकला, हे त्या संघाचं मोठेपण. पण पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिकला सातवे आलो.

दुसरी वेळ २००६. जुगराजची जागा संदीप सिंगने घेतली होती. ऑगस्टमध्ये जर्मनीच्या विश्वचषकासाठी संघात दाखल व्हायला निघालेला असताना कालका शताब्दीत सुरक्षा दलाच्या माणसाच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी त्याला लागली. त्या विश्वचषकात आपण १२ संघांत अकरावे.

संदीप परत उभा राहिला, याला तोड नाही. फेब्रुवारी २०१२मध्ये दिल्लीच्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रान्सला ८-१ हरवलं, त्यात पाच गोल त्याचे. आणि लंडनला काय झालं? बारापैकी बारावे. पात्रता फेरीत चालणारं एकच हत्यार युरोपच्या बचावासमोर बोथट ठरतं. कारण ते त्या एकाच माणसाचा अभ्यास करून येतात.

---

पप्पूपास

जुगराज तर राजगीरलाही होता की! कारकीर्द संपली म्हणता?

---

क्वालालंपूर७५

@पप्पूपास, हे दोन वेगळे जुगराज सिंग. राजगीरला होता तो आत्ताचा, तोही बचावपटू आणि तोही ड्रॅगफ्लिकर. पॅरिसला तो राखीव तिघांत होता, गोलरक्षक पाठक आणि नीलकांत शर्मासोबत. अपघात झाला तो २००१च्या ज्युनियर विश्वचषक विजेत्या संघातला.

---

पप्पूपास

नाव तेच, जागा तीच, कामही तेच! उद्या कोणी पंजाबात मुलाचं नाव जुगराज ठेवलं तर निवड समितीने पाळण्यातच स्टिक पाठवावी :)

---

रशर_नं_१

पेनल्टी कॉर्नरवर सगळे बोलतात, पण फ्लिकरपलीकडे कोणी बघत नाही. म्हणून जरा सविस्तर.

चेंडू गोलरेषेवर, जवळच्या खांबापासून किमान १० मीटरवर ठेवतात. तिथून चेंडू ढकलणारा तो पुशर, त्याचा एक पाय तरी मैदानाबाहेर हवा. चेंडू डीच्या, म्हणजे साधारण १४.६३ मीटरच्या वर्तुळाच्या, बाहेर जायलाच हवा, त्याशिवाय गोल ग्राह्य नाही. समोर बचावाचे पाचच जण, गोलरक्षक धरून. बाकीचे मध्यरेषेपलीकडे. पहिला फटका सरळ मारला (हिट) तर चेंडू गोलरेषा ४६० मिमीच्या खाली, म्हणजे गोलमधल्या फळीच्या उंचीतच ओलांडायला हवा. फ्लिकला ही अट नाही. ड्रॅगफ्लिकचं सगळं राज्य या एका सवलतीवर उभं आहे.

आता बिघडतं कुठे ते बघा.

पुश संथ आला किंवा टप्पे घेत आला की स्टॉपरच्या (डीबाहेर चेंडू थांबवणाऱ्याच्या) स्टिकवर चेंडू उडतो. तो हातभर जरी सरकला तरी फ्लिकरची पावलं चुकतात. फ्लिकरचा शेवटचा टप्पा असा: उजवा पाय डाव्यामागून आडवा जातो, मग डाव्या पायाची लांब झेप, चेंडू उजव्या पायाच्या मागून दांड्याच्या खालच्या वाकात धरून पुढे ओढायचा, कंबर फिरवायची आणि शेवटी मनगट. चेंडू ठरलेल्या जागी नसेल तर तो मागून न ओढता शरीराच्या बाजूने ओढावा लागतो. ओढण्याचं अंतर कमी झालं की वेग गेला, आणि गोलरक्षकाला कोनही आधी दिसतो. आपण टीव्हीवर म्हणतो "हरमनप्रीतचा आज टच नाही". अर्ध्या वेळा दोष पुशचा किंवा स्टॉपचा असतो.

म्हणून दुसरी बॅटरी म्हणजे दुसरा फ्लिकर नव्हे. पुशर, स्टॉपर, फ्लिकर अशी तिघांची जोडणी लागते आणि ती एकत्रच सरावावी लागते. सामन्यात पुशर बदलीवर बाहेर असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला तर काय, याचं उत्तर शिबिरातच ठरायला हवं.

---

बांद्रा_टर्फ

रशर, जबरदस्त पोस्ट! एक पुरवणी. स्टिकचाही वाटा आहे. नियमाने स्टिकचा बाक जास्तीत जास्त २५ मिमी, आणि तो बाक खालच्या टोकापासून २०० मिमीपेक्षा जवळ असून चालत नाही. फ्लिकर लोक त्या मर्यादेच्या अगदी कडेला जाणारी लो-बो (खालच्या भागात बाक असलेली) स्टिक घेतात, म्हणजे चेंडू दांड्याच्या वाकात बसून राहतो. तीच स्टिक घेऊन मधल्या फळीत सरळ हिट मारायला जाल तर चेंडू उचलला जातो. त्यामुळे "प्रत्येक बचावपटूने फ्लिक शिकावी" हे बोलायला सोपं आहे. त्याचा बाकीचा खेळ बदलतो.

---

लेफ्ट_हाफ

मला वाटतं धाग्यात आक्रमणाचीच चर्चा चालली आहे. आपण पॅरिसला अंतिम फेरी गमावली ती पेनल्टी कॉर्नरच्या बचावात.

उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड. पुढची जवळजवळ ४३ मिनिटं १० जणांनी काढली. मनप्रीत मागे येऊन बचावात खेळला, सामना १-१, शूटआऊटमध्ये ४-२. सगळ्यांना तेवढंच आठवतं. पण लाल कार्डामुळे रोहिदास जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यालाही मुकला. त्याच्या जागी कोणाला घेता येत नव्हतं, १५ जणांतच भागवलं. आणि रोहिदास आपला पहिला रशर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला फ्लिकरवर सगळ्यात आधी धावून जाणारा! जर्मनीकडे फ्लिकर कोण, तर गोन्सालो पेलाट. रिओला अर्जेंटिनाला सुवर्ण मिळालं तेव्हा ११ गोल करणारा. त्याने १८व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल केलाच. सामना आपण २-३ गमावला.

रशर एक आणि फ्लिकर एक. दोन्हीकडे पर्याय नाही, हे धागाकर्त्याचं म्हणणं मला पटतं. फक्त मी रशरला आधी घेईन.

---

रशर_नं_१

@लेफ्ट_हाफ १०० टक्के सहमत (नाव बघाच माझं).

पहिल्या रशरचं काम चेंडू अडवणं एवढंच नसतं. तो फ्लिकरच्या एका बाजूची वाट बंद करत धावतो. कोणती बाजू रशरची आणि कोणती गोलरक्षकाची, हे आधी ठरलेलं असतं. रशर दोन पावलं जरी तिरका गेला तरी गोलरक्षकाला दोन्ही बाजू राखाव्या लागतात. त्यात घाई करून पुश व्हायच्या आत रेषा सोडली तर पंच त्याला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. पाचाचे चार झाले. पुन्हा तीच चूक, चाराचे तीन. म्हणून हे काम नवख्याला ऐनवेळी देऊन चालत नाही. मुखवटा, हातमोजे, गुडघ्याचं कवच घालून वेगाने येणाऱ्या चेंडूच्या रेषेत धावायला छाती लागते, आणि सुटायची वेळ अंगात मुरावी लागते.

---

पिंपरीकर_हॉकी

मग रशरच्या सरावाला माणसं मिळतात का? खऱ्या फ्लिकसमोर रोज धावलं तर जायबंदी होतील ना?

---

रशर_नं_१

खऱ्या फ्लिकसमोर रोज धावत नाहीत. बराचसा सराव चेंडूशिवाय किंवा मऊ चेंडूवर होतो: पुशरचे हात हलताना बघून सुटणं, ठरलेल्या रेषेवर पहिली पाच-सहा पावलं, स्टिक जमिनीलगत. पूर्ण वेगाची फ्लिक आठवड्यातून एखाद्या सत्रातच.

फ्लिकरलाही मर्यादा हवीच. कंबरेच्या मणक्यावर आणि पुढच्या पायाच्या खुब्यावर पिळा बसतो. माझ्या मते एका सत्रात ४०-५० पूर्ण ताकदीच्या फ्लिक आणि आठवड्याला तीन सत्रं, याच्या वर जाऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांना तर याच्या निम्मं पुरे. ज्युनियर गटात एखादा पोरगा फ्लिक चांगली मारतो म्हणून प्रत्येक स्पर्धेत त्यालाच पिळून काढतात, आणि सीनियरला येईपर्यंत पाठ गेलेली असते.

---

उजवा_आऊट

चर्चा रंगली आहे, पण मी माझा मुद्दा सोडत नाही. आंतरराष्ट्रीय संघांच्या प्रो लीगच्या २०२४-२५ हंगामात युरोपात आपण ओळीने सात सामने हरलो, नऊ संघांत आठवे आलो. त्यातले बरेच सामने एकेका गोलाने गेले. तिथे दुसऱ्या फ्लिकरची उणीव नव्हती. शेवटच्या सत्रात चेंडू हातचा जात होता. आघाडी घेऊन मागे सरायचं आणि स्वतःच्या २३ मीटरमध्ये (गोलरेषेपासून २३ मीटरच्या पट्ट्यात) चेंडू देत राहायचं. प्रशिक्षक फुल्टन यांची बचावातून जिंकायची पद्धत पॅरिसला फळली, हे मान्य. पण २३ मीटरच्या आत येऊ दिलं की पेनल्टी कॉर्नर देणं ओघाने आलंच. मधली फळी घट्ट करा, मग रशरला धावावंच लागणार नाही.

जुने दिवस आठवा. धनराज डावीकडून सुटला की समोरचा बचाव अर्धा मागे सरायचा. गगन अजित, दीपक ठाकूर, प्रभज्योत हे त्रिकूट डीत शिरलं की गोल नाही तर पेनल्टी कॉर्नर, काहीतरी हाती लागायचंच. मैदानी गोलाची भीती असली की पेनल्टी कॉर्नर आपोआप मिळतात.

---

खडकी_बाजार

धनराजचं नाव निघालं आणि आम्ही गप्प बसू होय!

खडकीच्या गल्लीतून निघून चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार एशियाड, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. असा दुसरा माणूस दाखवा. १९९८ला बँकॉकला एशियाडचं सुवर्ण ३२ वर्षांनी आलं, कर्णधार धनराज, आणि अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध टायब्रेकरमध्ये आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा. परत आल्यावर संघटनेने काय केलं? "विश्रांती" म्हणून धनराज, बल्लाळ आणि आणखी सीनियर एका फटक्यात बाहेर!

त्यामुळे "ऑफसीझन शांत आहे" अशी तक्रार वाचली की मला तेव्हाचा गोंधळ आठवतो. सुवर्ण जिंकून आलेला संघ मोडला होता लोकहो. आत्ता तोच संघ टिकून आहे, तर जरा त्याची किंमत करा.

---

मधली_फळी

@खडकी_बाजार, स्थैर्याविरुद्ध मी नाहीच. कोणाला काढा असं एका शब्दाने म्हटलेलं नाही. तेच खेळाडू ठेवून कामं वाटून द्या, एवढंच.

---

फलटणची_लेक

अवांतर होईल, पण महाराष्ट्राचं काय? आत्ताच्या पुरुष संघात गोलरक्षक सूरज करकेरा मुंबईचा, त्यापुढे नाव घ्यायला थांबावं लागतं. मुलींकडे बघा, वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे दोघी फलटण तालुक्यातल्या, दोघी सीनियर भारतीय संघापर्यंत गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून हे होतं, तर पुण्या-मुंबईत टर्फ असून मुलगे का येत नाहीत?

---

बांद्रा_टर्फ

कारणं बरीच आहेत ताई. एकेकाळी मुंबईतून अख्खी फळी जायची. १९४८च्या लंडन सुवर्णात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ. पुढे मर्विन फर्नांडिस (१९८०च्या मॉस्को सुवर्णात होता), जोकिम कार्व्हालो, मार्क पॅटरसन. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेने तर ऑलिम्पिकपटू घडवायचा रतीबच घातला होता. नंतर व्हिरेन रस्किन्हा आणि एड्रियन डिसूझा, दोघेही अथेन्सला. मग युवराज वाल्मीकी.

त्या पिढ्यांना नोकऱ्या होत्या. रेल्वे, टाटा, महिंद्र, बँका, कस्टम्स, सगळ्यांचे संघ होते. आगाखान कपात हे संघ भिडायचे. नोकरी देणारे संघ बंद होत गेले तसा मध्यमवर्गी घरातला मुलगा सतराव्या वर्षी हॉकी सोडायला लागला. रस्किन्हाने तर पूर्ण भरात असताना खेळ सोडून शिक्षणाची वाट धरली. ओडिशात आणि झारखंडात वसतिगृहं आहेत, तिथला मुलगा सकाळ-संध्याकाळ टर्फवर असतो. आपल्याकडे लोकलने दीड तास येऊन एक तासाचा स्लॉट.

---

पिंपरीकर_हॉकी

+१. त्यात लीगमध्ये आपला संघच नाही. पूर्वीच्या हॉकी इंडिया लीगमध्ये आधी मुंबई मॅजिशियन्स (संदीप सिंग याच संघाकडून खेळायचा), मग दबंग मुंबई. २०१७ला दबंग मुंबई अंतिम फेरीत कलिंगा लान्सर्सकडून १-४ हरली. मग लीगच बंद पडली. डिसेंबर २०२४ला परत सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नाही. पिंपरीच्या नेहरूनगरला ध्यानचंद स्टेडियम आहे, बालेवाडी आहे, मुंबईत चर्चगेटला आहे. मैदानं आहेत, संघ नाही.

---

पप्पूपास

त्या लीगच्या २०१६-१७ मोसमांत मैदानी गोलाला दोन गुण होते. उजवा_आऊट यांनी ती कल्पना विकली असणार!

---

उजवा_आऊट

@पप्पूपास, विकली नाही, पण विकत घ्यायला मी पहिला होतो. त्या नियमाने डीत शिरायची सवय लागली होती. परत आणावा.

---

काठीवाला

गोलरक्षकाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून मी वळतो. धागाकर्त्याने मांडलेली दोन कामं, त्यातलं हे दुसरं.

ऑलिम्पिकला संघ १६ जणांचा. पॅरिसला त्यात गोलरक्षक एकच होता, श्रीजेश, आणि पाठक राखीव. म्हणजे लॉस एंजेलिसलाही बहुधा एकालाच निवडावं लागणार. आत्ता पाठक आणि करकेरा आलटून पालटून खेळतात. दोघेही फटके चांगले अडवतात. पण श्रीजेशचं निम्मं काम तोंडाने चालायचं. चेंडू समोरच्या २३ मीटरमध्ये असतानाही त्याचा आवाज टीव्हीवर ऐकू यायचा: कोण मोकळा आहे, कोणी आत सरकायचं, कोणी डाव्या पोस्टवर जायचं. टोकियोला जर्मनीविरुद्ध शेवटच्या सहा सेकंदांत पेनल्टी कॉर्नर अडवला, तो अडवण्याआधी सगळ्यांना जागेवर लावण्याचं कामही त्याचंच होतं.

हे बोलणं आलटून पालटून खेळून तयार होत नाही. बचावपटूंना एका आवाजाची सवय लागावी लागते. म्हणून माझं म्हणणं, लीग संपेपर्यंत दोघांना समान संधी द्या, त्यानंतर विश्वचषकापर्यंत एकच पहिला गोलरक्षक ठरवा.

शूटआऊटचा वेगळा विचार व्हावा. २३ मीटरवरून सुरुवात, आठ सेकंद. गोलरक्षकाने पहिल्या तीन सेकंदांत बाहेर येऊन कोन कमी करायचा, पण घसरून खाली जायचं नाही. जो आधी खाली बसला तो हरला. २०२३च्या विश्वचषकात भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध ३-३नंतर शूटआऊटमध्येच बाहेर पडलो, ते विसरू नका. पाठक आणि करकेरापैकी शूटआऊटला कोण सरस, ते शिबिरात रोज पाच-पाच धावांची गणती ठेवून ठरवता येईल. अंदाजाने नको.

---

क्वालालंपूर७५

काठीवाला, आवाजाचा मुद्दा एकदम बरोबर. श्रीजेश सध्या (२०२५) ज्युनियर संघाचा प्रशिक्षक आहे, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चेन्नई-मदुराईला ज्युनियर विश्वचषक आहे. तिथल्या गोलरक्षकांवर लक्ष ठेवा. आणि फ्लिकवरही. २०२४च्या ज्युनियर आशिया कपच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध ५-३मधले चार गोल अरायजीत सिंग हुंडलचे होते. आघाडीचा खेळाडू आणि फ्लिकही मारतो. १६ जणांच्या संघात असा एक माणूस दोघांची जागा भरतो.

---

लेफ्ट_हाफ

आणि वेळापत्रक बघितलंत का? विश्वचषक ऑगस्ट २०२६च्या अखेरीस बेल्जियम-नेदरलँड्समध्ये संपतो. एशियाड १९ सप्टेंबरला जपानमध्ये सुरू. जेमतेम तीन आठवडे. एशियाडच्या सुवर्णाला ऑलिम्पिकचं थेट तिकीट आहे. विश्वचषकात कोणी जायबंदी झालं तर तो एशियाडला मुकतो. फ्लिकर किंवा रशर जायबंदी झाला तर २००६ परत.

म्हणजे धागाकर्त्याची दुसरी बॅटरी मला आता चैन वाटत नाही, हिशोबाची गरज वाटते.

---

उजवा_आऊट

हं. हा तीन आठवड्यांचा मुद्दा वजनदार आहे. दोन वेगळे संघ पाठवायचे का मग?

---

मधली_फळी

पूर्ण दोन संघ नकोत, एकमेकांच्या हालचाली ओळखणारे लोक एकत्रच हवेत. पण दोन्ही स्पर्धांत मिळून २४-२५ जण वापरायचे असं आत्ताच ठरवता येईल. इपोहला माझं चाललं तर हरमनप्रीतला घरी ठेवीन. पहिली बॅटरी जुगराजची, दुसरी बचावपटू संजयची. पुशर आणि स्टॉपर प्रत्येक सामन्यात बदलून बघायचे. रोहिदास खेळेल, पण अर्ध्या पेनल्टी कॉर्नरना पहिला रशर दुसरा कोणीतरी. इपोहला चार गोल जास्त खाल्ले तरी चालतील.

---

खडकी_बाजार

हरमनप्रीत घरी बसला आणि इपोहला हरलो तर याच धाग्यावर "फुल्टन हटाव" सुरू होईल. मी आत्ताच सांगून ठेवतो, मी त्यात नसेन.

---

रशर_नं_१

मधली_फळी, योजना आवडली. एक भर घाला. दुसऱ्या बॅटरीने सरळ फ्लिकच मारावी असं नाही. पॅरिसच्या उपांत्य सामन्यातला आपला दुसरा गोल आठवतोय? हरमनप्रीतच्या फ्लिकला सुखजीतने वाटेत स्टिक लावून दिशा दिली. जगातल्या कुठल्याही गोलरक्षकाला तो अवघडच.

जुगराज किंवा संजय हरमनप्रीतच्या वेगाची बरोबरी करतील असं नाही, करायला नकोच. पोस्टजवळ सुखजीत किंवा अभिषेक, स्टॉपरकडून डावीकडे छोटा पास, नाहीतर पुशरला परत चेंडू. तीन प्रकार पक्के असले तर रशरला सरळ फ्लिकरवर धावून जाता येत नाही, तो अर्धं पाऊल थबकतो. तेवढं अर्धं पाऊल पुरे आहे. या प्रकारांना ताकद कमी आणि वेळेचा मेळ जास्त लागतो, म्हणून शांत महिनेच याला योग्य. स्पर्धा चालू असताना हे बसवता येत नाही.

---

फलटणची_लेक

@रशर_नं_१, पुशरला परत पास दिला तर तो ऑफसाइड वगैरे होत नाही ना? नवीन मुलींना समजावताना हा प्रश्न हमखास येतो.

---

रशर_नं_१

नाही, ऑफसाइड नव्वदच्या दशकातच गेला. पुश करून पुशर लगेच मैदानात येऊ शकतो. चेंडू एकदा डीबाहेर जाऊन आत आला की तो मारायला मोकळा. फक्त मुलींना हे सांगा, पुश करताना हुलकावणी द्यायची नाही. हुल दिली तर पुशरला मध्यरेषेपलीकडे जावं लागतं आणि पुश दुसऱ्याच कोणाला करावा लागतो. आणि चेंडू डीच्या ५ मीटर बाहेर गेला की पेनल्टी कॉर्नर संपला, मग ४६० मिमीची अटही संपली. तिथून हिट कितीही उंच मारता येते, धोकादायक नसली म्हणजे झालं.

---

काठीवाला

इपोहचे सामने सुरू झाले की याच धाग्यावर प्रत्येक पेनल्टी कॉर्नरची नोंद ठेवूया का? पुशर कोण, स्टॉपर कोण, फ्लिकर कोण, पहिला रशर कोण, निकाल काय. गोलरक्षकाची नोंद मी ठेवतो.

---

लेफ्ट_हाफ

बचावाचे पेनल्टी कॉर्नर माझ्याकडे.

---

उजवा_आऊट

आक्रमणाचे मी घेतो. सोबत डीत किती वेळा शिरलो तेही मोजणार, ते मात्र सोडणार नाही.